पैसा टेलपर्यंत येत नाही

हा अंक दोन महिने उशिरा निघतोय. कारण लपवत नाही. कागदवाल्याची उधारी फिटली नव्हती आणि आमच्यातले जे मजुरीतून वर्गणी काढतात त्यांच्या हाताला काम नव्हतं. माफी मागत नाही, हिशेब देतो. कारण या खेपेला हिशेबाचंच बोलायचं आहे.

इंदापूर तालुक्यातलं एक पोरगं मला घेऊन त्याच्या कॉलेजच्या खिडकीवर गेलं. बी. एस्सी. पास. बाप नाही, आई उसाच्या खुरपणीला. पुढं पुण्याला शिकायचं तर दाखला पाहिजे. खिडकीतला क्लार्क म्हणाला, "स्कॉलरशिप जमा नाही. आधी फी भरा, मग दाखला." समाजकल्याणकडं गेलो. तिथं उत्तर मिळालं, "आमच्याकडनं गेलेत, बँकेत बघा." बँक म्हणाली, "खात्याला आधार जोडलेलं दिसत नाही." परत खिडकी. तीन दिवस, तीन हेलपाटे, एसटीचं भाडं, आईचे खाडे. चौथ्या दिवशी आईनं मुकादमाकडनं उचल घेतली आणि दाखला सोडवला.

पोरगं सुटलं, आई बांधली गेली. या व्यवहाराला सरकार 'थेट लाभ' म्हणतं.

बारामती-इंदापूरच्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. निरा डावा कालवा ब्रिटिशांच्या काळापासून आपल्या उशाशी आहे. हेडचा बागायतदार भिजतो. टेलचा शेतकरी सात नंबरचा फॉर्म भरून आवर्तनाची वाट बघतो. पाटबंधारेच्या कागदावर पाणी सुटलेलं असतं, चारी मात्र कोरडी. आणि ज्याच्या नावावर रानच नाही त्याला तर फॉर्मसुद्धा भरता येत नाही. शिक्षणाच्या पैशाचा कालवा असाच आहे. बजेटात आकडा सुटतो. मंत्रालय, आयुक्तालय, पोर्टल, बँक, कॉलेज असे दरवाजे ओलांडत तो येतो, आणि टेलला महारवाड्यात, मांगवाड्यात पोचेस्तोवर वर्ष संपलेलं असतं.

ही शिष्यवृत्ती कुणाच्या मेहरबानीतून आलेली नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात होते तेव्हा त्यांनी सरकारपुढं अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची यादी मांडली, शिक्षणासाठी पैसा मागितला. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू आहे. ती आपल्या चळवळीची कमाई आहे. मग २०२० च्या डिसेंबरात दिल्लीनं घोषणा केली. पाच वर्षांत ५९,०४८ कोटी, साठ टक्के केंद्राचे, चाळीस टक्के राज्याचे. आकडा मोठा, टाळ्याही मोठ्या. पण त्याच वेळी एक बारीक कलम बदललं. केंद्राचा हिस्सा सरळ विद्यार्थ्याच्या खात्यात, आणि फी विद्यार्थ्यानं कॉलेजला भरायची. वरवर बघितलं तर चांगलंच आहे, मधला दलाल गेला. पण पैसा उशिरा आला तर थकबाकीदार कोण? पूर्वी कॉलेज आणि सरकार एकमेकांचे देणेकरी होते. आता अठरा वर्षांचं पोरगं देणेकरी. उशीर करणारा दिल्लीत आणि मुंबईत, मान खाली घालणारा खिडकीवर.

आता मुंबईचं बघा. अनुसूचित जातींच्या वाट्याचा पैसा वेगळा ठेवायचा, ही रीत विशेष घटक योजनेच्या नावानं १९७९-८० पासून सुरू झाली. मे २०२५ मध्ये काय झालं? सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास खात्याचे ३३५ कोटी ७० लाख 'लाडकी बहीण'कडं वळवले गेले. खुद्द सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्यानं जाहीर तक्रार केली. बहिणीला पैसे मिळू नयेत असं आमचं म्हणणं नाही. खुरपणीला जाणारी ती आईसुद्धा कुणाची तरी बहीणच आहे. पण तिच्या एका हातात दीड हजार ठेवायचे आणि तिच्या पोराच्या वसतिगृहाच्या खात्यातनं ते काढायचे, ही कसली ओवाळणी? आंध्र आणि कर्नाटकानं २०१३ मध्येच या पैशाला कायद्याचं कुंपण घातलं. आपल्याकडं मोर्चे निघाले, निवेदनं दिली गेली.

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात पीएच. डी. करून पोरं काय दिवे लावणार, असा सवाल झाला. सवाल करणारे तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री होते, बारामतीचे आमदार होते. तिजोरीची किल्ली ज्यांच्या कमरेला, त्यांनीच दिव्याचा हिशेब विचारला. त्या दिवशी विषय 'सारथी'चा होता, म्हणजे मराठा-कुणबी पोरांच्या फेलोशिपचा. आमच्यातले काहीजण गालात हसले. मला हसू आलं नाही. कारण त्याच काळात 'बार्टी'च्या फेलोशिपसाठी ८६१ संशोधक दारोदार फिरत होते, आणि सरकार दोनशेच्या पुढं जायला तयार नव्हतं. हेडवाल्याच्या घरातल्या गरिबालाही टेलवरच बसवतात, हे मराठ्याच्या पोरानं ओळखावं. आणि त्याला शत्रू समजून आपली लढाई छोटी होते, हे आपणही ओळखावं.

हे सगळं चालू असताना विद्यापीठात भांडण कशाचं होतं? खुर्चीचं. पुणे विद्यापीठ १९४९ ला निघालं ते गणेशखिंडीत, गव्हर्नरच्या पावसाळी बंगल्यात. बंगला विद्यापीठाला मिळाला, पण कुलपती म्हणून गव्हर्नर तिथंच राहिला. २०२१ च्या डिसेंबरात मुंबईच्या सरकारनं विधेयक आणलं की कुलगुरूसाठी दोन नावं आम्ही देऊ, राज्यपालानं त्यातलं एक निवडावं. राजभवनानं सही केली नाही. मे २०२२ मध्ये पुण्याच्या कुलगुरूंची मुदत संपली, नवे कुलगुरू आले जून २०२३ मध्ये. सावित्रीबाईंचं नाव लावलेलं विद्यापीठ वर्षभर प्रभारी चाललं. मग जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीचा मसुदा आला. उद्योगातला, सरकारी कारभारातला माणूसही कुलगुरू होऊ शकेल, आणि निवड समितीवर कुलपतींचा हात वर. एकाला खुर्ची राजभवनाकडं पाहिजे, दुसऱ्याला मंत्रालयाकडं, तिसऱ्याला कंपनीवाल्याला द्यायची आहे. या भांडणात इंदापूरच्या त्या पोराचा दाखला कुणाच्या अजेंड्यावर नव्हता.

धोरणाचंही तसंच. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण सांगतं, शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करू. हाच आकडा कोठारी आयोगानं १९६६ मध्ये सांगितला होता. आजोबाला दिलेलं वचन नातवाला परत दिलं, एवढीच प्रगती. त्याच धोरणात पदवी चार वर्षांची झाली. मधे सोडलं तरी हरकत नाही. एक वर्षानं सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा. साहेबाचं पोरगं मधे सोडून परदेशात जाईल. आमचं पोरगं मधे सोडून एमआयडीसीत ठेकेदाराच्या हाताखाली जाईल. आधी शाळा सुटली की आपण म्हणायचो, पोराला व्यवस्थेनं हाकललं. आता हाकलल्याची पावती मिळणार, शिक्का मारून.

धोरण असंही म्हणतं की २०४० पर्यंत प्रत्येक संस्थेनं तीन हजार किंवा त्याहून जास्त विद्यार्थ्यांची व्हायला बघावं. मग तालुक्यातल्या लहान कॉलेजांचं काय? बारामतीत तुळजाराम चतुरचंद कॉलेज १९६२ ला उभं राहिलं, १९७२ ला विद्या प्रतिष्ठान. त्यामुळं आडगावच्या पोरी घरची भाकरी खाऊन पदवीधर झाल्या, हे आम्ही नाकारत नाही. कॉलेज एसटीच्या एका फेरीवर असलं तर आमची मुलगी शिकते. लांब गेलं तर तिचं लग्न होतं.

आणि शिकवणार कोण? नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारनं २,०८८ सहायक प्राध्यापकांच्या भरतीला परवानगी दिली, तीही राज्यभरातल्या अनुदानित कॉलेजांसाठी. बाकीचा गाडा तासिका तत्त्वावर. नेट-सेट झालेला आपला माणूस तासावर पैसे मोजतो आणि सुट्टी लागली की रानात जातो. जानेवारी २०२४ मध्ये तर न भरलेल्या राखीव जागा खुल्या करण्याचा मसुदा चर्चेला आला. ओरड झाली तेव्हा दिल्लीनं खुलासा केला, एकही जागा खुली होणार नाही. ओरडल्यावर खुलासा होतो, हे लक्षात ठेवा.

आता आपल्या माणसांविषयी. चौदा एप्रिलला डीजे, फ्लेक्स आणि साहेबाशेजारी फोटो. त्यातल्या किती जणांनी विद्यापीठाचं बजेट डोळ्यांनी बघितलंय? ते अधिसभेपुढं येतं. अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागा आहेत, त्यातली एक अनुसूचित जातीची. २० नोव्हेंबर २०२२ ला त्यांचं मतदान झालं. आपल्या वस्तीतले किती पदवीधर मतदार होते? मी नव्हतो. पदवी ट्रंकेत ठेवून मी मोर्च्यात घोषणा देत होतो. ही माझी चूक, छापून सांगतो.

म्हणून तीन कामं. पहिलं, बारामती आणि इंदापूर तालुक्यातल्या प्रत्येक दलित पदवीधराचं नाव मतदार यादीत घालायचं. दुसरं, शिष्यवृत्तीसाठी दाखला, गुणपत्रक, परीक्षेचा फॉर्म अडवला की एकट्या पोराला खिडकीवर पाठवायचं नाही, वीसजण जायचं. आणि त्या क्लार्कवर ओरडायचं नाही. तोही कंत्राटी असेल. अडवल्याचं कारण कागदावर लिहून मागायचं. तिसरं, कोणत्या महिन्यात किती पैसा कुठल्या टेबलावर अडला, हे माहितीच्या अधिकारात विचारायचं आणि उत्तर याच अंकात छापायचं.

कालव्याचं पाणी टेलला आपोआप कधीच आलेलं नाही. रात्री कंदील घेऊन बांधावर बसावं लागलं. दिवे काय लावणार, असं विचारलं होतं ना? हा एक लावतोय.

जय भीम.