पुडीच्या पाठीवरील उतारा

जमीन खरेदी करावयाची झाल्यास आमचा शेतकरी बंधु सातबाराचा उतारा वाचल्यावांचून विसार देत नाहीं. इतर हक्कांच्या रकान्यांत कोणाचा बोजा आहे काय, हें तो दोनदां पाहतो. परंतु बाजारांतून मुलांसाठीं जी चटकदार मसाल्याची पुडी तो आणतो, तिच्या पाठीवरील अक्षरें मात्र तो कधींच वाचीत नाहीं. महसूल खात्यांत उतारे लिहिण्यांतच आमचें आयुष्य गेलें, म्हणून ही तुलना आम्हांस सुचली. विषय मात्र थट्टेचा नाहीं.

बटाट्याच्या चकत्या, मक्याच्या नळ्या, मसाल्याचे शेंगदाणे खाऊन मुलाचें तोंड हुळहुळलें किंवा अंगावर गांधी उठल्या, म्हणजे ‘उष्णता झाली’ असें म्हणून घरांत विषय संपविला जातो. वस्तुतः येथें दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट दाहाची. मिरचींतील कॅप्सेसिन हें द्रव्य तोंडांतील उष्णता जाणणाऱ्या मज्जातंतूंस चेतवितें. ज्या ग्राहकामुळें हें घडतें, तो १९९७ सालीं डेव्हिड ज्युलियस यांनीं शोधून काढला व २०२१ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. टणक चकतीनें तोंड खरचटलें असल्यास मीठ व सायट्रिक आम्ल त्यावर अधिकच झोंबतें. हें द्रव्य पाण्यांत विरघळत नाहीं, म्हणून पाण्यापेक्षां दुधानें लवकर उतार पडतो. हा दाह कोणासही होईल. तो मात्रेवर अवलंबून असतो. मात्रा वाढली तर तोही भोंवतो. जुलै २०२४ मध्यें टोकियोंतील एका शाळेंत अतितिखट चकत्या खाल्ल्यावर १४ विद्यार्थ्यांस रुग्णालयांत न्यावें लागलें.

दुसरी गोष्ट वावड्याची, म्हणजे ॲलर्जीची. येथें मात्रेचा हिशेब चालत नाहीं. ज्यास शेंगदाण्याचें तीव्र वावडें आहे, त्यास चिमूटभर भुकटीही पुरते. शिवाय पुडीच्या नांवावरून पत्ता लागत नाहीं. टोमॅटोच्या किंवा मसाल्याच्या चवींतही दुधाची भुकटी, सोयाबीन अथवा गहूं असूं शकतो. टार्ट्राझीन या पिवळ्या रंगानेंही थोड्या लोकांस गांधी उठतात. ओठ व जीभ सुजूं लागली, श्वास अडूं लागला किंवा मूल मलूल पडलें, तर घरगुती उपायांत वेळ न दवडितां १०८ क्रमांकास बोलवावें.

कित्येक म्हणतील कीं, पुड्या सोडा व घरचा चिवडा खा, म्हणजे झालें. हा उपदेश आम्हांस पुरेसा वाटत नाहीं. चिवड्यांतील शेंगदाणा आपल्याच शेतांतला असला, तरी वावडें असलेल्या मुलास तो सोडणार नाहीं. मूळ प्रश्न आंत काय आहे हें कळण्याचा आहे.

२०२० च्या लेबलविषयक नियमांप्रमाणें ग्लूटेनयुक्त धान्यें, दूध, अंडें, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणा व इतर कवचफळें, सोयाबीन आणि ठराविक प्रमाणावरील सल्फाइट यांचा उल्लेख बंद पुडीवर करावाच लागतो. पण तो इंग्रजींत किंवा देवनागरी हिंदींत असला म्हणजे कायदा पुरा होतो, मराठी ऐच्छिक. ज्या आजीच्या हातून नातवास पुडी मिळते, तिला त्या बारीक इंग्रजी अक्षरांचा काय उपयोग? सुट्या रंगीत नळ्यांवर तर तेवढाही उतारा नसतो. त्या मुलांस न देणेंच बरें.

म्हणून आमची सूचना अशी: निदान वावड्याची ती एक ओळ मराठींत व ठळक असावी, अशी मागणी आपल्या संघानें सरकाराकडे करावी. आणि आपल्यापैकीं ज्यांच्या उत्पादक कंपन्या चकत्या, चिवडा, मसाला पुड्यांत भरून विकतात, त्यांनीं नियमाची वाट न पाहतां ही ओळ आपल्या मालावर आधीं छापावी. तिला शाईखेरीज फारसा खर्च नाहीं. बटाटा, मका, मिरची व भुईमूग आपणच पिकवितों. तेव्हां खाणाऱ्याप्रति आपलें कर्तव्य बाजारच्या कांट्यापाशीं संपतें, असें आम्हांस वाटत नाहीं.