मोखाड्याची वाट

गेल्या आश्विनांत मेलबर्नहून आमच्या भाच्याचें पत्र आलें. पत्र म्हणजे हल्लींच्या रीतीप्रमाणें फोनवर उमटलेला मजकूरच. परंतु तो लांब व नेटका लिहिलेला असल्यामुळें रात्रीं जेवणें झाल्यावर ओटीवर बसून आम्हीं सर्वांस वाचून दाखविला. चिरंजीवानें आठ दिवसांची रजा काढली होती आणि एकट्यानेंच मोटार हांकीत ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यालगतचें नलारबार नांवाचें पठार ओलांडलें होतें. त्या रस्त्यावर एक तुकडा असा आहे कीं, १४६ किलोमीटरपर्यंत त्यास एकही वळण नाहीं. दोन पेट्रोलपंपांमध्यें कोठें कोठें दीडशेंहून अधिक किलोमीटरांचें अंतर. गाडी नादुरुस्त झाली तर ती सोडून पायीं निघूं नये, तिच्याच सावलींत बसून राहावें; पाणी लागेल त्याहून पुष्कळ अधिक घ्यावें; आपण कोठें निघालों व केव्हां पोंचणार हें कोणास तरी सांगून ठेवावें; आणि दिवस मावळल्यावर गाडी हांकूं नये, कारण त्या वेळीं कांगारू रस्त्यावर येतात. हे तिकडचे नियम त्यानें मोठ्या आस्थेनें लिहिले होते. त्याच देशांत रॉबिन डेव्हिडसन नांवाची एक तरुणी १९७७ सालीं चार उंट व एक कुत्रा बरोबर घेऊन ॲलिस स्प्रिंग्जपासून पश्चिमेच्या समुद्रापर्यंत सुमारें २७०० किलोमीटर चालत गेली, हेंही त्यानें कळविलें होतें.

आम्हांस मात्र कौतुक वाटलें तें त्या पठाराच्या नांवाचें. लॅटिन भाषेंत ‘नुल्लुस’ म्हणजे मुळींच नाहीं आणि ‘आर्बोर’ म्हणजे झाड. आपल्याकडे ‘निर्वृक्ष’ म्हणावें तसें. समास शिकवीत होतों तेव्हां हें उदाहरण ठाऊक असतें तर मागच्या बांकांवरचीं मुलें जागीं राहिलीं असतीं.

वाचन संपल्यावर आमच्या नातवानें विचारलें, “आजोबा, असा रस्ता आपल्याकडे आहे का?”

“नाहीं रे बाळ. आपल्याकडे एवढी रिकामी जागा कोठली?” असें उत्तर देऊन आम्हीं दिवा मालविला. परंतु त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. रिकामी जागा नाहीं हें खरें; पण ज्या मुलुखाचें नांव काढतांच शहाणा मनुष्य बिचकतो, असा मुलूख आमच्या अंजूरच्या उंबऱ्यापासून शंभर-सव्वाशें किलोमीटरांवर आहे, आणि एकदां तेथें जाण्याचा लेखी हुकूम हातांत असतां आम्हीं तो फिरवून घेतला होता, ही गोष्ट नातवास सांगितली नव्हती. त्यालाच काय, कोणासही सांगितली नव्हती.

ती गोष्ट १९८३ सालची. मॅट्रिक होऊन शिक्षकी परीक्षा दिली होती. नोकरीस दोन वर्षें झालीं होतीं. जूनच्या आरंभीं बदलीचा हुकूम आला. गांव मोखाडा तालुक्यांतलें, डांबरी रस्त्यापासून आंत दीड-दोन कोस. त्या काळीं ठाणे जिल्हा एकसंध होता. पालघर निराळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजीं. तेव्हां ठाण्याकडच्या शिक्षकवर्गांत मोखाड्याच्या बदलीस काळ्या पाण्याखेरीज दुसरें नांव नव्हतें. तेथें पावसाळ्यांत ओढे चढतात आणि चार-चार दिवस वाट बंद होते, साप चावला तर डॉक्टर नाहीं, पोरें शाळेंत येत नाहींत, असें जो तो सांगे. सांगणारांपैकीं बहुतेकांनीं तो तालुका पाहिलेला नव्हता. वडिलांच्या ओळखीच्या एका गृहस्थांनीं शब्द टाकला. आम्हीं मातोश्रींच्या प्रकृतीचें कारण दाखवून अर्ज केला. आठ दिवसांत हुकूम रद्द झाला. मातोश्री त्यानंतर तेवीस वर्षें धडधाकट होत्या. आमच्या जागीं घाटावरचा कोणी एक नवा शिक्षक गेला, एवढें कानांवर आलें.

पुढें १९९२ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणीकडे कुपोषणानें मुलें दगावल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊं लागल्या. तीं पानें आम्हीं वर्गांत नेलीं, मुलांस समजावून सांगितलीं, निबंधाला विषयही दिला. तो शेजारचा तालुका, असें मात्र त्या वेळीं आम्हीं फार वेळ मनांत राहूं दिलें नाहीं.

असो. कार्तिक लागतांच आम्हीं घरांत जाहीर केलें कीं, आम्ही मोखाड्यास जाणार, आणि एकटे जाणार. गृहिणींनीं हातांतली परडी खालीं ठेविली. “या वयांत? आणि एकट्यानें? वाटेंत कांहीं झालें म्हणजे?” धाकट्या बंधूंनीं ड्रायव्हर देऊं केला. वहिनींनीं त्र्यंबकेश्वराचा अभिषेक सुचविला, म्हणजे निदान सोबतीस चौघें येतील. आम्ही अंजूरकर पाहुण्यांस गंगाजी नाइकांच्या गोष्टी अभिमानानें सांगतों. फिरंग्यांचा अंमल उलथावा म्हणून ते पेशव्यांकडे खटपट करीत राहिले आणि १७३७ ते १७३९ च्या वसईच्या मोहिमेंत त्यांचा हात होता, हें आमच्या गांवचें मूलही जाणतें. पण कोणी घरांतला मनुष्य तिठ्यापलीकडे एकटा निघाला म्हणजे आमच्या छातींत धडधड होते, हेंही तितकेंच खरें.

आमची बाजू घेतली ती सूनबाईंनीं. त्या म्हणाल्या, “मामंजी, गोदावरीबाई परुळेकरांचें पुस्तक तुम्हींच ना मला वाचावयास दिलें होतें?” दिलें होतें खरें. पुण्याच्या गोखल्यांची ही कन्या, वकिलीची परीक्षा झालेली. जानेवारी १९४५ मध्यें आपल्या येथून जवळच टिटवाळ्यास किसानसभेची परिषद भरली, आणि त्यानंतर ही बाई तलासरी-डहाणूच्या रानांतल्या वारली पाड्यांत वेठबिगारीविरुद्ध लोकांस जागें करीत पायीं हिंडली. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हें तिचें पुस्तक १९७० सालीं निघालें. त्याच १९४५ सालीं त्याच भागांत बोर्डीस ताराबाई मोडकांनीं बालशिक्षणाचें केंद्र काढलें व अनुताई वाघ त्यांस जाऊन मिळाल्या. पुढें कोसबाडच्या टेकडीवर तें काम वाढलें. हीं चरित्रें आम्हीं शाळेंतल्या किती मुलींस वाचावयास दिलीं असतील, त्याची गणती नाहीं. सूनबाईंनीं आपल्या लहान गाडीची किल्ली आमच्या हातांत ठेविली. भाच्याच्या नियमांप्रमाणें पाण्याचे दोन कॅन भरले, कोठें जाणार व केव्हां परतणार तें भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेविलें, आणि पहांटे पांचला निघालों.

आमच्या गांवाभोंवतीं आतां भातखाचरांपेक्षां गोदामें अधिक. पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडें सगळीकडे तोच पत्र्याचा मुलूख. लांबलचक ट्रेलरांमधून वाट काढीत भिवंडी ओलांडावयासच पाऊण तास गेला. वाड्याच्या रस्त्यावरील खड्ड्यांचें वर्णन येथें करीत नाहीं. वाचकांपैकीं ज्यांनीं ते भोगले आहेत त्यांस तें नको आणि इतरांस तें खरें वाटणार नाहीं. वाड्याच्या पुढें मात्र हवा बदलते. कोलम भाताचीं खाचरें कापून मोकळीं झालीं होतीं. विक्रमगड मागें पडलें, घाट चढून जव्हार आलें. येथें मुकणे घराण्याच्या कोळी राजांचें संस्थान होतें. तें १९४८ सालीं विलीन झालें. जव्हारास चहा घेतला आणि पुढें गाडी हांकूं लागलों, तों फोनवरच्या रेघा एकामागून एक नाहींशा झाल्या.

आतां आम्ही खरेच एकटे होतों. उतारांवर नागली व वरई कापून झालेली, खुरासणीचीं पिंवळीं फुलें सरत आलेलीं, मध्येंच साग. अंगावर येईल अशी शांतता. अशा वेळीं जन्मभर शिकविलेलें कांहीं तरी तोंडीं येतें. आम्हांस ऐतरेय ब्राह्मणांतला रोहित आठवला. हरिश्चंद्राचा हा मुलगा वरुणास बळी द्यावयाचा ठरलेला. तो धनुष्य घेऊन रानांत पळाला. दरवर्षीं तो घरीं परतूं पाही, आणि दरवर्षीं इंद्र ब्राह्मणाच्या वेषानें आडवा येऊन ‘चालत राहा’ असें त्यास सांगे. प्रवासाची थोरवी गातांना लोक इंद्राचा हा उपदेश सांगतात. आम्हींही निरोपसमारंभांत पुष्कळदां सांगितला आहे. पण त्या भ्रमंतीचा शेवट काय झाला? सहाव्या वर्षीं रोहितास रानांत भुकेनें गांजलेला अजीगर्त भेटला, आणि शंभर गाई देऊन त्यानें त्याचा मधला मुलगा शुनःशेप आपल्या जागीं बळी जाण्यासाठीं विकत घेतला. या भागावर आम्ही वर्गांत कधीं थांबलों नव्हतों.

मोखाडें ओलांडून आंतल्या फांट्यास वळलों. तें १९८३ च्या हुकुमांतलें गांव तीन किलोमीटर उरलें असेल, तों मागचें चाक बसलें. जॅक लावला तर तो भुसभुशीत मातींत रुतूं लागला. ऊन चढलें होतें. गाडी सोडूं नये, सावलींत बसावें, हा नलारबारचा नियम स्मरून आम्ही दगडावर बसलों आणि पाण्याचा कॅन उघडला.

निर्वृक्ष प्रदेशाचे नियम येथें लागू नाहींत, हें पाव तासांतच कळलें. प्रथम डोक्यावर दोन-दोन हंडे घेतलेल्या बायका आल्या. त्यांतली एक म्हणाली, “बाबा, उन्हात का बसला?” मग गुरें घेऊन एक मुलगा, त्यानें कोठेंसें जाऊन हांक मारली, आणि शेवटीं पन्नाशीच्या घरांतला एक गृहस्थ फळीचा तुकडा घेऊन आला. तो जॅकखालीं सारून त्यानें वीस मिनिटांत चाक बदललें. आम्ही पैसे काढूं लागलों तेव्हां त्यानें हात मागें घेतला आणि चहा घ्यावयास घरीं चलण्याचा आग्रह केला.

घर कुडाचें, सारवलेलें. कोरा चहा आला. आम्हीं विहिरीची चौकशी केली. होळीपर्यंत पुरते, पुढें टँकरची वाट, असें तो म्हणाला. या तालुक्यांत पाऊस धो धो पडतो. मुंबईस पाणी देणारें मध्य वैतरणेचें धरणही याच तालुक्यांत आहे. तो हें रागानें सांगत नव्हता.

आम्हीं शिक्षक म्हणतांच त्याचा चेहरा खुलला. “आमच्याकडं एक मास्तर होता, गुरुजी. घाटावरचा. नऊ वर्सं राहिला. शाळेतच निजायचा. दिवाळी झाली का आमची माणसं खाली जातात, विटा थापायला. पोरं संगं जातात, शाळा सुटते. तो मास्तर काय करायचा, सात-आठ पोरं ठेवून घ्यायचा. भात स्वता रांधायचा. मी त्यातलाच एक. सातवी झालो त्याच्यामुळं.”

आम्हीं वर्ष विचारलें. तो पावसाळा तोच होता.

कप खालीं ठेवून आम्हीं सांगून टाकलें कीं, तो हुकूम मूळ आमच्या नांवाचा होता. तो जरासा गोंधळला. “मग तुम्ही का नाय आले?”

मातोश्रींच्या प्रकृतीचें कारण जिभेच्या टोंकापर्यंत आलें होतें. “भीति वाटली,” आम्ही म्हणालों.

त्यानें मान हलविली. थोडा वेळ विचार केला आणि अगदीं निर्मळपणें म्हणाला, “मग बरंच झालं. तो चांगला होता.”

इतकें सरळ प्रशस्तिपत्र आम्हांस साऱ्या नोकरींत मिळालें नव्हतें. आम्ही हंसलों, तोही हंसला. तो शिक्षक पुढें कोठें गेला हें त्यास ठाऊक नव्हतें. बदली झाली, मग दिसला नाहीं.

निघतांना त्यानें आमचें गांव विचारलें. अंजूर म्हणतांच तो म्हणाला, “माहित आहे. बाप माझा खारबावला विटा थापायचा. मी पण तिकडंच येतो, देवदिवाळी झाली का. बायको, धाकला पोरगा, सगळी.” पोरगा चौथींत आहे. त्याच्या शाळेचें काय, असें आम्हीं विचारलें, तेव्हां तो पायांच्या अंगठ्यानें सारवण उकरीत राहिला. आमच्या जिल्ह्यांत वीटभट्ट्यांवर मजुरांच्या पेंढ्याच्या झोंपड्यांस भोंगा म्हणतात. कांहीं काळ तेथें भोंगाशाळाही चालल्या. आमच्या घरापासून भट्ट्यांचा धूर हिंवाळाभर दिसतो. चाळीस वर्षें तीं माणसें दरसाल ज्या वाटेनें आमच्या दाराशीं येत होतीं, त्या वाटेनें उलट जाण्यास आम्हांस सासष्टावें वर्ष उजाडावें लागलें.

त्र्यंबकास गेलों नाहीं. स्टेपनी वापरून झाली होती आणि दिवस मावळावयाच्या आंत घर गांठण्याचें भिंतीवर लिहिलें होतें. तरी गोदामांपाशीं ट्रेलरांत अडकून आठ वाजले. गृहिणी ओटीवर उभ्याच होत्या. कांहीं न बोलतां पाट मांडावयास आंत गेल्या. जेवतांना नातवास १९८३ सालची सगळी गोष्ट सांगितली. त्यानें एवढेंच विचारलें कीं, त्या मुलास कोणता धडा चालू आहे.

आतां मार्गशीर्षाचा दुसरा आठवडा आहे. चौथीचीं पुस्तकें आणि दोन पाट्या नातवानें आणून कोनाड्यांत ठेविल्या आहेत. परवां आम्ही खारबावच्या बाजूच्या दोन भट्ट्यांवर चौकशी करून आलों. मुकादम म्हणाला, मोखाड्याच्या टोळ्या अजून उतरल्या नाहींत, आठ दिवस लागतील. भट्टीचा मालक कोण, शाळा कोठें भरवूं देईल, दुपारीं कीं सकाळीं, हें त्यास विचारलें, तर त्यानें आमच्याकडे नीट निरखून पाहिलें आणि सोमवारीं या म्हणून सांगितलें.