पैसे नकोत, हात लावा!

उद्योजकतेवरचं कुठलंही भाषण ऐका, त्यात गॅरेज येतंच. दोन मित्र, एक गॅरेज, खिसा रिकामा आणि पुढं जगप्रसिद्ध कंपनी! टाळ्या पडतात, चहा-बिस्किटं होतात आणि आपण रूमवर येऊन पुन्हा सबमिशनच्या मागं लागतो. मनात फक्त एवढंच राहतं, 'आपल्याकडं कुठलं आलंय गॅरेज?' तेही खरंच. आपल्याकडं गॅरेज म्हटलं की नाक्यावरचं टू-व्हीलर दुरुस्तीचं दुकान डोळ्यांपुढं येतं. गाडी ठेवायला घराशेजारी वेगळी खोली, ही चैन आपल्या हॉस्टेलमधल्या किती जणांच्या घरी असेल?

पण मित्रांनो, माझं म्हणणं वेगळंच आहे. त्या गोष्टींत गॅरेज महत्त्वाचं नव्हतंच. महत्त्वाची होती घरची माणसं, आणि भाषणातून नेमकी तीच गळतात.

ह्युलेट-पॅकार्डचंच घ्या. १९३८ साली डेव्हिड पॅकार्ड आणि त्यांच्या पत्नी ल्युसिल यांनी कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावात एका घराचा खालचा मजला भाड्यानं घेतला. बिल ह्युलेट मागच्या शेडमध्ये झोपायचे. १९३९ मध्ये कंपनी सुरू झाली तेव्हा भांडवल होतं ५३८ डॉलर. त्यांच्या ऑसिलेटरच्या पॅनेलला रंग दिला की तो भाजून पक्का करायला भट्टी हवी. ती कुठून आणणार? ल्युसिलबाईंच्या स्वयंपाकघरातला ओव्हन होता की! शिवाय त्या नोकरी करून घर चालवत होत्या आणि कंपनीचे कागदपत्रही सांभाळत होत्या. वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओनं 'फँटेशिया' या चित्रपटासाठी आठ ऑसिलेटर घेतले हे सगळे सांगतात. ओव्हनचं कुणी सांगत नाही.

अ‍ॅपलची गोष्टही तशीच. स्टीव्ह जॉब्जच्या वडिलांनी, पॉल जॉब्ज यांनी, मुलगा लहान असतानाच आपल्या कामाच्या टेबलाचा एक भाग त्याला तोडून दिला होता. ते स्वतः हातानं काम करणारे मशिनिस्ट. पुढं १९७६ मध्ये कंपनी निघाली तेव्हा बहीण पॅटी बोर्डवर चिप्स बसवायला बसली.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते आणि भाऊ रामुअण्णा बेळगावला. १८८८ साली तिथं सायकलींचं दुकान निघालं. एकानं मुंबईहून सायकली पाठवायच्या, दुसऱ्यानं बेळगावात विकायच्या. त्या दुकानातून पुढं लोखंडी नांगर आला आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. म्हणजे मुळात ती दोन भावांच्या घरची गोष्ट आहे.

आता आपल्याकडं वळू. आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आई-वडील हातानं काम करणारे आहेत. कुणी टर्नर, कुणी वायरमन, कुणी शेतकरी, कुणी गवंडी, कुणाची आई शिवणकाम करते. आणि या सगळ्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'तू फक्त अभ्यास कर, यात हात घालू नकोस.' त्यामागची माया आपल्याला कळते. आपल्या हाताला लागलेलं ग्रीस पोराच्या हाताला लागू नये म्हणून तर त्यांनी फी भरलेली असते. पण याचा परिणाम बघा. आपण सुट्टीत घरी जातो ते पाहुण्यासारखे. आयतं जेवतो, मोबाईल बघतो, झोपतो आणि डबाभर चकल्या घेऊन परत येतो. घरात तीस वर्षांचा अनुभव बसलेला असतो आणि आपण वेल्डिंगचे व्हिडिओ बघत असतो! सगळ्यात वाईट म्हणजे हळूहळू दोन्ही बाजूंना वाटायला लागतं की, एकाचं 'इंजिनिअरिंग' आणि दुसऱ्याचं नुसतं 'काम'.

ही दरी बुजवायचा एक उपाय मला माहीत आहे. घरी वर्कशॉप उभं करा, आणि ते एकट्यानं करू नका. घरच्यांकडं पैसे मागू नका, 'जरा हात लावा' म्हणा.

आमच्या घरामागं जनावरांचा रिकामा गोठा होता, दहा बाय बारा फुटांचा, वर पत्रा. तो साफ करून वर्कशॉप करायला आम्हाला दोन सुट्ट्या लागल्या. त्यात मी जे शिकलो ते इथं लिहितोय, कारण ते कुठल्याही घरी लागू पडेल.

पहिली गोष्ट टेबल. अँगलचे पाय, वर जाड प्लायवूड. व्हाईस कुठं बसवायचा? मला तो मधोमध हवा होता, दिसायला बरा. वडील एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक आहेत. ते म्हणाले, "पायावर ठेव. मधी ठेवलास तर नाचंल." आता आपण सगळ्यांनी सिम्प्ली सपोर्टेड बीमचं डिफ्लेक्शन काढलेलं आहे. लोड मधोमध असला की डिफ्लेक्शन सगळ्यात जास्त, हे परीक्षेत आठ मार्कांना येतं. पण त्या आकृतीतला P म्हणजे वडिलांच्या हातातली हातोडी, हे मला तोवर सुचलं नव्हतं. उंचीचंही तसंच. व्हाईससमोर ताठ उभं राहायचं, मूठ हनुवटीखाली धरायची, कोपर व्हाईसच्या जबड्याला टेकलं की उंची बरोबर. कानस चालवताना पाठ दुखत नाही. मेजरिंग टेप लागतच नाही!

दुसरी गोष्ट जमीन. गोठ्याच्या जमिनीला मोरीकडं उतार होता. टेबल डुगडुगायला नको म्हणून सगळी फरशी लेव्हलमध्ये करायचं ठरत होतं. आजी उंबऱ्यावर बसून ऐकत होती. म्हणाली, "उतार मोडू नगा, पावसाळ्यात तळं हुईल." उतार तसाच ठेवला आणि टेबलाच्या पायांना खाली-वर होणारे बोल्ट लावले. जुलैत पत्र्यातून पाणी आलं ते सरळ मोरीत गेलं. ड्रेनेजची डिझाइन ज्यांनी आयुष्यभर शेण-पाणी काढलं त्यांना विचारावी, हे मात्र कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

तिसरी गोष्ट आईची. पत्र्याचा ट्रे करायचा तर आधी कागदावर डेव्हलपमेंट काढावी लागते हे फर्स्ट इयरला सगळ्यांनी केलंय. आई ब्लाउज शिवते. तिनं माझा कागद बघितला आणि विचारलं, "दुमडायला माया किती सोडलीस?" शिवणीत जास्तीचं कापड ठेवतात त्याला माया म्हणतात. आपण ज्याला बेंड अलाउन्स म्हणतो तो तिच्या मायेचा सख्खा भाऊ! मग तिनं एका पत्र्यात तीन ट्रेचे तुकडे असे बेतून दिले की कडेला जेमतेम एक पट्टी उरली. मटेरियल युटिलायझेशन म्हणतात ते याहून वेगळं नाही. तिनं ते कायम पाऊण मीटर कापडात केलंय.

धाकटी बहीण दहावीत. तिला काय काम देणार, असं सगळ्यांना वाटत होतं. तिनं भिंतीवरच्या प्लायवर हातोडी, पक्कड, पाने, गुण्या असं एकेक ठेवून भोवती ऑइल पेंटनं रेघ मारली. आता कुठली वस्तू जागेवर नाही ते दारातूनच दिसतं. मोठ्या कारखान्यांत हीच पद्धत असते आणि तिच्यावर ट्रेनिंग घेतात. एकदा तिनं विचारलं, "हॅक्सॉच्या ब्लेडचे दात पुढंच का?" ढकलताना अंगाचा जोर मिळतो आणि ब्लेड ताणलेलं राहतं, हे तिला पटेपर्यंत समजावणं कुठल्याही व्हायवापेक्षा अवघड गेलं. मैत्रिणींनो, हे मुद्दाम लिहितोय. घरात ड्रिल मशीन आलं की ते भावाच्या हातात आणि झाडू बहिणीच्या हातात, असं वर्कशॉप काढायचं असेल तर न काढलेलं बरं.

आणि वायरिंग. ते मामांनी केलं, ते लायसन्सवाले वायरमन आहेत. यात मात्र 'बघून करू' हा प्रकार चालत नाही. मेन बोर्डपासून वेगळी लाइन, पक्कं अर्थिंग, प्रत्येक प्लग तीन पिनांचा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. मामांचं वाक्य मी भिंतीवर लिहून ठेवलंय : 'एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो.' एमसीबी अनेक अँपिअरवर पडतो. माणसाच्या छातीतून गेलेला अँपिअरचा लहानसा अंशही जीव घ्यायला पुरतो. पत्र्याची शेड, ओली जमीन आणि अर्थ नसलेलं ड्रिल हे एकत्र आलं की काय होईल ते सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, सगळं घरच्यांनीच शिकवलं, मग तुझ्या डिग्रीचा उपयोग काय? झाला ना! अँगल ग्राइंडर आणला तेव्हा गार्ड काढून वापरायची डेपोतली सवय वडिलांच्या हाताला होती. गार्डमुळं डिस्क कोपऱ्यात जात नाही ही त्यांची तक्रार. मी वहीवर गणित मांडलं. डिस्क १०० मिलिमीटरची, फेरे मिनिटाला ११,०००. म्हणजे कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ ५८ मीटर, ताशी दोनशे किलोमीटरच्या वर! तुटलेला तुकडा या वेगानं तोंडाकडं येतो. ते थोडा वेळ वहीकडं बघत राहिले आणि गार्ड परत बसवला. पुन्हा काढलेला नाही. डोळ्यांना गॉगल, अंगावर लोंबणारं काही नाही, ओढणी बाहेर आणि फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे नाहीत, हे नियम मग सगळ्यांनी मिळून ठरवले. माझ्या शिक्षणाचा घराला झालेला पहिला उपयोग हाच. म्हणून म्हणतो, ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालते. त्यांना 'का' माहीत नसतं असं नाही, पण आकडा आपल्याकडं असतो. आपल्याला 'कसं' माहीत नसतं, ते त्यांच्याकडं असतं.

वर्कशॉपमधून बाहेर पडलेली पहिली वस्तू म्हणजे गॅस सिलिंडरची ट्रॉली. भरलेला सिलिंडर साधारण तीस किलोचा, आई तो ओढत न्यायची. चाकं केवढी घ्यायची हे बेअरिंगच्या कॅटलॉगनं ठरवलं नाही, आमच्या उंबऱ्याच्या उंचीनं ठरवलं. युझर रिक्वायरमेंट यालाच म्हणतात.

काही जण म्हणतील, आता सगळं सॉफ्टवेअरमध्ये होतं, हात काळे कशाला करायचे? कॅड आणि सिम्युलेशन शिकायलाच हवं, वाद नाही. पण पत्रा दुमडताना कोपऱ्यात फाटतो का, बोल्टला पाना फिरवायला जागा उरते का, हे हातानं एकदा तरी अनुभवलेल्या माणसाचं ड्रॉइंग वेगळं असतं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुण्याजवळच्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला तो याच विश्वासावर, की हातानं काम करताना डोकं चालतं. तिथली मुलं गावाला लागणारी कामं करता करता शिकतात. ते पाबळला होतं, तर आपल्या परसात का होणार नाही?

दुसरा आक्षेप जागेचा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी गोठा कुठून आणायचा? नका आणू. बाल्कनीत तीन बाय दोन फुटांचं घडीचं टेबल, एक छोटा व्हाईस, सोल्डरिंग गन, मल्टीमीटर आणि शेजाऱ्यांची झोप सांभाळून ठरवलेली वेळ, एवढ्यावर सुरुवात होते. नवीनच हत्यारं हवीत असंही नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा तुमच्या गावच्या भंगारवाल्याकडं चांगल्या पोलादाच्या जुन्या कानशी आणि व्हाईस मिळतात. फक्त निवडायला घरातलं जाणतं माणूस बरोबर न्या. पावसाळ्यात त्यांना शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवत जा.

शेवटी आपल्या सरांना आणि मॅडमना एक विनंती. फर्स्ट इयरला आपण सगळे एकच फिटिंग जॉब करतो, आणि तोच जॉब दरवर्षी सिनिअरकडून ज्युनिअरकडं फिरतो हे वर्कशॉपमध्ये कुणाला नवीन नाही. टर्मवर्कमधला एक जॉब घरचा का असू नये? प्रत्येकानं दिवाळीच्या सुट्टीत घरातली एक अडचण शोधून आणावी, माप घेऊन यावं, ती वस्तू कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये करावी आणि घरी लावून दाखवावी. ज्यांनी घरी मदत केली त्यांचं नाव जर्नलच्या पहिल्या पानावर गाइडच्या खाली लिहावं. असा जॉब विकत मिळणार नाही, कारण दोघांच्या घरचा उंबरा सारख्या उंचीचा नसतो.

तोपर्यंत आपण परवानगीची वाट बघायचं कारण नाही. दिवाळीची सुट्टी आहेच. घरी गेलात की माळ्यावरची हत्याराची पेटी खाली काढा, गंज पुसा आणि वडिलांना, आईला, काकांना एक प्रश्न विचारा, 'हे कसं वापरायचं?' ते आधी म्हणतील, 'राहू दे, तू अभ्यास कर.' तुम्ही म्हणा, 'हाच अभ्यास आहे, जरा हात लावा.'