सहा तासांत अमेरिका?

गेल्या महिन्यात करमाडजवळच्या एका गावातल्या मावशी ओपीडीत आल्या. वय ६४, दहा वर्षांपासून मधुमेह, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. लेकीच्या बाळंतपणासाठी न्यूयॉर्कला निघालेल्या. मोबाइलमधलं तिकीट दाखवत म्हणाल्या, "साहेब, रात्री दीडला मुंबईहून निघायचं अन् सकाळी साडेसातला तिथं. सहाच तासांचं काम. दुपारपर्यंत इंजेक्शन नाही घेतलं तर चालंल ना?"

तिकिटावर दोन्ही शहरांची स्थानिक वेळ असते. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. म्हणजे विमानात बसायचं होतं साडेपंधरा तास, अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. त्याआधी मुंबईपर्यंतची गाडी, विमानतळावरचे तीन तास. दुपारी दोनला उंबरा ओलांडलेल्या मावशी लेकीच्या घरी पोचणार तब्बल २९ तासांनी! मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे इन्सुलिन घेतलं असतं, तर रात्री नऊचा डोस आणि सकाळचा डोस यांत वीस तासांचं अंतर पडलं असतं.

माझं स्पष्ट मत आहे, किलोमीटर विचारू नका, बसायचे तास विचारा. चार तासांहून अधिक काळ एका जागी बसलं की पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं. तरीही धोका सुमारे सहा हजारांत एक. घाबरण्याचं कारण नाही. पण वय, लठ्ठपणा, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा कॅन्सर असेल तर हिशेब बदलतो. शिवाय विमानातली हवा कोरडी आणि विरळ, जणू कळसूबाईहून उंच जागी बसल्यासारखी. हृदय किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी तिकिटाआधी तपासून घ्यावं.

आपल्याकडच्या बायका प्रवासात लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. एसटीतली ही सवय विमानात नेऊ नका. गल्लीकडची सीट मागा, दर तासा-दोन तासांनी उठा, बसल्याबसल्या पावलं वर-खाली करा. भाषेच्या धास्तीनं व्हीलचेअर मागणाऱ्यांची मला अडचण समजते, पण चालता येत असेल तर चाला. मनाने ॲस्पिरिन घेऊ नका. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. खाली जाणाऱ्या बॅगेत ते गोठू शकतं. पोचल्यावर महिनाभरात एकच पाय सुजला, दुखला किंवा अचानक दम लागला, तर थकवा समजून अंगावर काढू नका.

मावशींना सांगितलं, विमानात घड्याळ भारताचंच ठेवा, जेवण आणि इन्सुलिन त्याप्रमाणे. तिथल्या वेळेवर कसं यायचं ते कागदावर लिहून दिलं. परतीच्या तिकिटाचा फोटो लेकीला आधीच पाठवायला सांगितलाय. येताना दिवस आखडतो, दोन डोस जवळ येतात आणि साखर एकदम उतरू शकते. मला जास्त काळजी त्या प्रवासाची आहे.