धूर त्यांचा, बोजा आमच्या जंगलावर



सरकार सांगतंय, कार्बनची 'तीव्रता' 2005 ते 2020 या काळात 36 टक्क्यांनी उतरली. ऐकायला बरं वाटतं. पण तीव्रता म्हणजे काय, हे ग्रामसभेत येऊन कोणी सांगत नाही. म्हणून आम्ही सांगतो.

तीव्रता म्हणजे एकूण धूर नव्हे. देशाच्या दर रुपयाच्या उत्पन्नामागे किती धूर निघाला, त्याचं ते माप. सावकारानं व्याजाचा दर थोडा उतरवला आणि कर्ज दुपटीनं गळ्यात मारलं, तर घरातून पैसा जास्त जातो की कमी? तसंच हे. 2005-06 मध्ये देशात सुमारे 40 कोटी टन कोळसा निघाला. 2024-25 मध्ये 100 कोटी टनांच्या वर. दर उतरला आणि धूर वाढला. दोन्ही खरं, पण सरकार पहिलंच तेवढं सांगतं.

हे आपोआप झालं नाही, धोरणच तसं आहे. 2012 पासून पोलाद, सिमेंटच्या मोठ्या कारखान्यांना ऊर्जा वाचवायची उद्दिष्टं दिली, पण ती दर टन मालामागे. माल किती काढायचा, त्याला कुंपण नाही. 2023 ची कार्बन-बाजाराची योजना त्याच मापावर बेतलेली. 2010 मध्ये कोळशावर टनामागे 50 रुपये उपकर बसवला, स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून. 2016 पर्यंत तो 400 रुपये झाला. 2017 मध्ये जीएसटी आला आणि हा पैसा राज्यांची महसुलाची तूट भरायला वळवला. धुराच्या नावानं गोळा केलं, धुरासाठी राहिलं नाही.

मग हवेत गेलेल्या धुराचं काय? इथं आपला संबंध येतो. 2015 मध्ये सरकारनं जगाला शब्द दिला: 2030 पर्यंत जंगल आणि झाडं वाढवून 250 ते 300 कोटी टन जादा कार्बन शोषून घेऊ. ही झाडं लावणार कुठं? चंद्रपूरच्या 2920 मेगावॅटच्या वीजकेंद्राच्या अंगणात तर नाही! वनखातं ज्याला 'उजाड' म्हणतं, त्या रानात. तिथं आपली गुरं चरतात, बाया मोह वेचतात, तेंदू तोडतात. खाण एका गावाचं जंगल खाते, भरपाईचं रोपवन दुसऱ्या गावाचं रान खातं. एका धुरापायी दोनदा जमीन जाते.

कोणी म्हणेल, वीज नको का तुम्हाला? पाहिजे. शाळेला, दवाखान्याला, विहिरीवरच्या मोटारीला पाहिजे. पण आमच्या दोन बल्बांसाठी 100 कोटी टन कोळसा जळत नाही. आमचं म्हणणं एवढंच की ज्याचा धूर, त्यानंच तो कमी करावा. झाडं लावून दगडी कोळशाचं पाप धुता येत नाही. झाड वाढायला तीस-चाळीस वर्षं लागतात, वणव्यात जळायला एक दुपार.

वनहक्क कायदा 2006, कलम 5 नुसार जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. तो कागदावर ठेवू नका. प्रत्येक गावानं ठराव घ्यावा:

1. ग्रामसभेच्या संमतीशिवाय सामूहिक वनहक्काच्या जमिनीवर रोपवन होणार नाही.
2. खाण किंवा कारखान्याच्या जनसुनावणीत पहिला प्रश्न हा: दर टनामागे नको, वर्षाचा एकूण धूर किती?
3. तो दरवर्षी किती कमी करणार, हे लेखी द्या.

ठरावाची प्रत तहसीलला द्या, पोच घ्या, एक प्रत गावात जपून ठेवा.

धूर ज्याचा, हिशेब त्याचा! जंगल आमचं, निर्णय ग्रामसभेचा!