पोरांवर अविश्वास म्हणून ट्रस्ट नसतो

"ट्रस्ट? आपण का टाटा-बिर्ला आहो काय, बाप्पा?"

अकोल्याच्या जठारपेठेत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की आता ऐकलं की राग येतो. बोलणाऱ्याचा नाही, त्या समजुतीचा. बोलणारे बहुतेक सज्जन, निवृत्त. बापाच्या काळचं घर, मूर्तिजापूरकडे थोडं वावर, बँकेत ठेवी, पोरगं पुण्यात. आणि एखाद्या घरात, मधल्या खोलीत, छत्तीस वर्षांची मुलगी, जिला सुटे पैसे मोजता येत नाहीत. ट्रस्टची गरज कोणाला, याचं उत्तर त्या मधल्या खोलीत आहे. तिजोरी किती मोठी, याच्याशी त्याचा संबंध नाही.

गैरसमजाचं मूळ शब्दातच आहे. वऱ्हाडात ट्रस्ट म्हटलं की शेगावचं गजानन महाराज संस्थान, गाडगेबाबांच्या धर्मशाळा, नाहीतर एखादी शिक्षण संस्था डोळ्यांपुढे येते. ते सार्वजनिक न्यास. त्यांना 1950 चा कायदा आणि धर्मादाय आयुक्त. कुटुंबाचा खाजगी ट्रस्ट चालतो 1882 च्या भारतीय न्यास कायद्यावर. त्यात धर्मादाय आयुक्तांचा संबंध नाही, वर्गणी नाही, पावतीपुस्तक नाही. मालमत्ता देणारा एक, ती सांभाळणारे विश्वस्त, आणि जिच्यासाठी सांभाळायची ती व्यक्ती. बस.

दुसरा आक्षेप जास्त खोल जातो: "पोरावर विश्वास नाही काय?" आमच्या शेजारच्या काकांच्या घरातही अशी मुलगी आहे; त्यांनी हाच प्रश्न स्वतःला विचारून दहा वर्षं काढली. मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे. पण चांगला मुलगा आजारी पडतो, त्याचा धंदा बसतो, तो बहिणीच्या आधी जातो. मग घर त्याच्या बायकोपोरांच्या नावावर चढतं आणि बहिणीची सोय त्यांच्या मर्जीवर उरते. त्यात कोणाचा दुष्टपणा लागत नाही. ट्रस्ट पोराच्या प्रेमावर शंका घेत नाही. त्या प्रेमाला कागदाचा आधार देतो आणि त्याच्यामागेही कोणीतरी उभं राहील अशी सोय करतो.

आजकाल सोपा रस्ता म्हणून बक्षीसपत्र सुचवतात. राहतं घर किंवा शेती मुलाला, मुलीला, नातवंडांना द्यायची तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये. अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. स्वस्त आहे खरं. पण बक्षीसपत्र नोंदवलं की घर त्याच क्षणी मुलाचं झालं. त्याने सांभाळलं नाही तर 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, असं सांगतात. आहे, आणि जानेवारी 2025 मध्ये ऊर्मिला दीक्षित यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो आईबापांच्या बाजूने उदारपणे वाचला. तरी तो कायदा वृद्ध आईबापांचा आहे. मधल्या खोलीतल्या मुलीला त्यात दाद मागता येत नाही. आईबाप असेपर्यंत तिची ढाल त्यांच्या नावावर. ते गेले की ढालही गेली. एवढा साधा प्रश्न बक्षीसपत्र करून देणारे विचारत का नाहीत, हे मला कळत नाही.

नॉमिनी लावला म्हणजे झालं, हीही पक्की समजूत. 'कालनिर्णय'चे जयंत साळगावकर यांच्यामागे त्यांच्या गुंतवणुकीवरून वारसांत वाद झाला, तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. 14 डिसेंबर 2023 च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं की शेअर आणि म्युच्युअल फंडांचा नॉमिनी मालक होत नाही. पैसा अखेर वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राप्रमाणे जातो. घरोघरी पंचांग पोचवणाऱ्या माणसाच्या घरात हे होऊ शकतं, तर आपण नुसत्या नॉमिनीवर विसंबून कसं चालेल?

मात्र दुसऱ्या टोकाची मंडळीही मला तितकीच खटकतात. हॉटेलात चहा-नाश्ता देऊन तयार मसुद्याचे ट्रस्ट विकणारे सांगतात की कर वाचेल, घेणेकरी हात लावू शकणार नाहीत, सगळं ट्रस्टमध्ये टाका. खोटं आहे. मृत्यूवरचा संपदा कर या देशात 1985 मध्येच संपला, वाचवायचा काय? विश्वस्तांच्या मर्जीवर वाटप ठेवलेल्या ट्रस्टला साधारणपणे सर्वोच्च दराने आयकर लागतो. घेणेकऱ्यांना बुडवण्यासाठी मालमत्ता हलवली तर मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा तो व्यवहार उलटवू देतो. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलींचा जन्मापासूनचा हिस्सा असतो, महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून. तो बापाला ट्रस्टमध्ये टाकता येत नाही, त्याला फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. आणि वावर? विदर्भाला 1958 चा स्वतंत्र कुळकायदा आहे, शेतकरी नसलेल्याच्या नावे जमीन करायला त्यात अडसर आहे. मूर्तिजापूरचं वावर ट्रस्टच्या नावे चढवू असं कोणी छातीठोकपणे म्हणालं, तर त्याला आधी तो कायदा वाचायला सांगा.

मग करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे. ज्यांच्याकडे असं परावलंबी माणूस नाही, त्यांनी नीट मृत्युपत्र करावं, दोन साक्षीदार घ्यावेत आणि निवांत झोपावं. ज्यांच्याकडे आहे, त्यांनी मृत्युपत्रातच ट्रस्ट करावा. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, जिवंतपणी घर आपल्याच नावावर राहतं, मत बदललं तर कागद बदलता येतो. मृत्युपत्राने केलेला तो एकमेव ट्रस्ट असेल आणि आपल्यावर अवलंबून असलेल्या नातलगापुरताच असेल, तर आयकराच्या सर्वोच्च दरातूनही सूट आहे. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून मुलीसाठी पालक नेमून घेता येतो, तोही नेमावा. पण पालक माणसाची काळजी घेईल. पैशाला वेगळं घर लागतं.

हे घरी बसून नमुना उतरवून होत नाही, म्हणून वकील लागतो. शेजारच्या काका-काकूंबरोबर मी गेलो होतो. वकीलसाहेबांनी पहिल्यांदा घराची आखीव पत्रिका मागितली. त्यावर काकांच्या वडिलांचंच नाव होतं, त्यांना जाऊन कैक वर्षं झाली. "आधी वारसफेर करा, मग बोलू," म्हणाले आणि त्या दिवशी फी घेतली नाही. दुसऱ्या भेटीत प्रश्न सुरू झाले. हिच्या गोळ्या महिन्याला कितीच्या? झटका आला तर कोणता डॉक्टर? भाऊ एक विश्वस्त, दुसरा कोण? कायद्याने विश्वस्तांना सगळं मिळून करावं लागतं, म्हणून ज्यांचं आपसात पटतं असे दोघं सांगा. भाऊ गेला तर त्याच्या जागी कोण? विश्वस्ताला मोबदला द्यायचा तर कागदात लिहावं लागेल, नाहीतर त्याला मागता येणार नाही. हिशेब मागायचा हक्क कायदा लाभार्थ्याला देतो, पण ही कसा मागणार? म्हणून दर एप्रिलमध्ये मामेभावाला हिशेब दाखवायचा, असं त्यांनी लिहिलं. घर विकायची वेळ आली तर विश्वस्ताने ते स्वतः विकत घेऊ नये, हे कायद्यातलं बंधन त्यांनी साध्या मराठीत पुन्हा घातलं. "पोरांना वाचताना कळलं पाहिजे," एवढंच म्हणाले.

काका गप्प होते. शेवटी वकीलसाहेबांनी काकूंकडे पाहून विचारलं, आणखी काही?

काकू म्हणाल्या, "दरवर्षी प्रकटदिनाला शेगावले नेत जा म्हणा तिले. आम्ही नेतो."

"कशानं जाता, काकू? गाडीनं का रेल्वेनं?"

"रेल्वेनं. तिले खिडकीपाशी बसा लागते."

त्यांनी ते लिहून घेतलं. खिडकीसुद्धा.