आईचें वाचन

गेल्या वर्षीं एका वर्गांतील मुलांस आम्हीं 'माझी आई' या विषयावर निबंध लिहावयास सांगितला होता. विषय जुनाच, हा निबंध लिहिल्यावांचून कोणाचें शालेय शिक्षण पुरें झालें असेल असें वाटत नाहीं. वह्या तपासतांना मात्र एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. आई पहाटे उठते, डबा करून देते, आजारांत उशाशीं बसते, रागावते आणि लगेच जवळ घेते, हें सर्वांनीं लिहिलें होतें, व तें खोटें नव्हतें. तिच्या हातच्या पदार्थांचें वर्णन तर इतकें साग्रसंगीत होतें कीं, तपासणाऱ्यास भूक लागावी. परंतु आईला कोणतें पुस्तक आवडतें, हें एकाही वहींत नव्हतें. वर्गांत हा प्रश्न तोंडीं विचारला तेव्हां मुलें एकमेकांकडे पाहूं लागलीं. शेवटीं एक जण उठून म्हणाला, "सर, आई वाचत नाहीं. तिला वेळच नसतो."

या उत्तराचा दुसरा भाग खरा आहे. पहिला आम्हांस मान्य नाहीं.

आईचें वाचन चालतें, पण तें सलग नसल्यामुळें आपणांस दिसत नाहीं. दूध उतूं जाऊं नये म्हणून ओट्यापाशीं उभें राहावें लागतें, तेवढ्यांत दीड पान होतें. भाजी निवडावयास वर्तमानपत्र पसरलें म्हणजे देंठांखालून डोकावणारी बातमी ती वाचून घेते. बातमी कालची असते, एवढेंच. तिचें पुस्तक टेबलावर नसतें. तें शिवणयंत्रावर, डब्यांच्या फळीवर किंवा उशीखालीं असतें, आणि खुणेसाठीं पानांत केसांचा आकडा असतो. दिवाळी अंकाची गोष्ट तर घरोघरीं सारखीच. १९०९ सालीं काशिनाथ रघुनाथ मित्र यांनीं आपल्या 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, आणि पुढें मराठी घरांत फराळाच्या जोडीला अंक येऊं लागले; पण ज्या हातांनीं फराळ केला त्या हातांत अंक पडेपर्यंत तुळशीचें लग्न होऊन गेलेलें असतें. वडिलांचा वाचून होतो, थोरल्या भावाचा होतो, शेजारीं जाऊन येतो, आणि मग मुखपृष्ठ निघालेला अंक आईला मिळतो. तो ती होळीपर्यंत पुरवून पुरवून वाचते.

कोणी म्हणेल, यांत एवढें काय आहे? वाचन ही चैन. संसारी बाईचें तिच्यावांचून कांहीं अडत नाहीं. हें मत फार जुनें आहे, आणि तें ज्यांस सोसावें लागलें त्यांनींच तें लिहून ठेविलें आहे. रमाबाई रानडे यांचें लग्न १८७३ सालीं बालवयांत झालें. पुढें न्यायमूर्तिपदास चढलेल्या त्यांच्या पतींनीं त्यांस स्वतः शिकविलें. तरी घरांतील वडीलधाऱ्या बायकांस तें रुचलें नाहीं, विशेषतः इंग्रजी सुरू झाल्यावर. १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या रमाबाईंच्या आठवणींत हें सर्व आहे, आणि नवल हें कीं, त्यांत कडवटपणा फार थोडा. लक्ष्मीबाई टिळक लिहावयावाचावयास शिकल्या त्या लग्नानंतर, घरींच. त्यांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालीं. चूल, मुलें, दुखणीं, हातीं पैसा न टिकणाऱ्या पतीचा संसार, हीच त्यांतील सामग्री. आणि मराठी गद्यांत त्या तोडीचीं पुस्तकें बोटांवर मोजावींत. आमच्या आईस तें पुस्तक इतकें प्रिय कीं, ती स्वयंपाकघरांत एकटीच हंसूं लागली म्हणजे हातांत काय आहे हें कोणास विचारावें लागत नसे.

कांहीं सज्जन एवढें ऐकल्यावर म्हणतात: बरें, वाचूं द्या; पण कादंबऱ्या नकोत. आरोग्य, बालसंगोपन, पाककृति असें कांहीं उपयुक्त वाचावें. आमचा खरा वाद या मंडळींशीं आहे. दिवसभर जी सर्वांच्या उपयोगीं पडते तिनें विश्रांतीच्या अर्ध्या तासांतहि उपयोगींच पडावें, हा कोठला न्याय? वडील संध्याकाळीं क्रिकेटच्या सामन्याची हकीकत वाचतात तेव्हां त्यापासून घराचा काय लाभ, हें कोणी विचारीत नाहीं. शिवाय कादंबरी निरुपयोगी असते हेंहि खरें नव्हे. हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी १८९० त निघालेल्या 'करमणूक' पत्रांतून क्रमशः प्रसिद्ध झाली. पत्राचें नांव 'करमणूक'. परंतु एका सामान्य घरांतील मुलीवर लग्नांत व वैधव्यांत काय ओढवे, हें जितकें यमूच्या तोंडून कळतें तितकें दहा व्याख्यानांनीं कळलें नसतें असें आम्हांस वाटतें. आणि समजा, एखादी कादंबरी केवळ रंजकच निघाली, तरी काय बिघडलें? आवड ही जिची तिची असावी.

याच कादंबरीसंबंधीं आमच्या हातून घडलेली एक चूक येथें सांगतों. आम्ही सातवींत होतों. गांवच्या वाचनालयाची घरांत एकाच पुस्तकाची वर्गणी असे. आईनें ही कादंबरी आणावयास सांगितली. पंधरा दिवसांची मुदत. पाहुणे आणि धाकट्या बहिणीचा ताप यांतच बरेच दिवस गेले. आम्हांस एक शिकारकथांचें पुस्तक हवें होतें, आणि तें दुसरा कोणी नेईल अशी धास्ती लागली होती. मुदत संपावयास दोन दिवस असतांना आम्हीं तिला न विचारतां उशीखालचें पुस्तक उचललें, केसांचा आकडा काढून फळीवर ठेवला, आणि पुस्तक बदलून आणलें. शेवटचीं तीस-चाळीस पानें राहिलीं होतीं. संध्याकाळीं आकडा पाहून तिच्या लक्षांत आलें. "बदललंस का रे?" एवढेंच ती म्हणाली, आणि आकडा केसांत खोवून कणीक मळावयास बसली. ती रागावली असती तर ही गोष्ट आम्ही केव्हांच विसरलों असतों.

विद्यार्थिमित्रांस आमचें सांगणें फार मोठें नाहीं. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ त निघालें, मुंबईचें १८९८ त. १९६७ सालीं महाराष्ट्रांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदाहि झाला. पण वाचनालयाच्या नोंदवहींत आपल्या घरचें कोणाचें नांव आहे, हें एकदां पाहून यावें. आईचें नसेल तर तिच्या नांवाची वेगळी वर्गणी भरावी. बाबांस सांगावें, ती फार नसते. पुस्तक तिनें निवडावें, आपण आणून द्यावें, आणि मुदत वाढवून घेण्याची खेप आपली समजावी. दुपारीं जेवणें झाल्यावर अर्धा तास तिला हांक मारूं नये; मोजा, पट्टी, पाण्याची बाटली आपली आपण शोधावी. जी आई नोकरीस जाते तिला दुपार नसते. तिच्यासाठीं रात्रींचीं भांडीं दुसऱ्या कोणीं तरी घांसावीं. हें वाचून मुलगे हंसतील. हंसावें, पण घांसावीं.

पहिल्या पगारांतून आम्हीं ती कादंबरी विकत घेऊन आईस दिली. मध्यें बरींच वर्षें गेलीं होतीं. तिनें ती पहिल्या पानापासून उघडली नाहीं. शेवटाकडचीं पानें चाळीत एके ठिकाणीं थांबली, चष्मा लावला, आणि वर न पाहतांच म्हणाली, "आमटीखालचा गॅस तेवढा बंद कर." त्या रात्रीं जेवणास तासभर उशीर झाला.